दोनशे चौदा वाहिन्या आणि रिमोटची घासलेली पाच बटणं

अर्धविराम (धागाकर्ता)

रिमोटचे सेल बदलताना परवा सहज लक्ष गेलं. १, २, ५, ० आणि मधलं ‘ओके’ एवढ्याच बटणांवरचा रंग उडालाय. ७ आणि ९ अगदी नवी कोरी. म्हणजे ज्यांच्या क्रमांकात ७ किंवा ९ येतो त्या वाहिन्या आमच्या घरात कुणी आकडे दाबून लावतच नाही.

मग किडा वळवळला. रविवारी दुपारी वरचा बाण दाबत दाबत सगळ्या वाहिन्या मोजल्या. २१४ भरल्या. अंगठा दुखायला लागला, मधे दोनदा चुकून पुन्हा पहिल्यापासून मोजलं. आई शेवटी म्हणाली, “एक काहीतरी लाव, नाहीतर बंद कर.”

त्यानंतर टीव्हीच्या टेबलाला सुतळीनं एक वही आणि पेन्सिल बांधली. नियम साधा: एखाद्या वाहिनीवर जो सलग दहा मिनिटं टिकेल त्यानं तिचं नाव आणि तारीख लिहायची. घरात आम्ही पाचजण. आई, मी, बायको आणि दोन मुलं. एकवीस दिवस हे चाललं. पहिले चार दिवस सगळ्यांना भारी उत्साह, पुढे मुलांनी एकमेकांच्या नावावर खोट्या नोंदी टाकायला सुरुवात केली. त्या खोडल्या.

निकाल: १४ वाहिन्या. त्यातल्या ५ जवळजवळ रोजच्या, ४ आठवड्यातून एकदोनदा लागणाऱ्या. उरलेल्या पाचांपुढे एकेकच नोंद. त्यातली एक माझीच. दुसरीकडच्या जाहिराती संपायची वाट बघत मगरींवरच्या एका कार्यक्रमात बारा मिनिटं अडकलो होतो.

आपलंच घर विचित्र आहे की काय म्हणून शोधलं. टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या नील्सन कंपनीची अमेरिकेतली २०१४ची आकडेवारी सापडली. २००८ साली तिथल्या सरासरी घरात १२९ वाहिन्या येत होत्या, त्यातल्या १७ बघितल्या जात. २०१३ साली येणाऱ्या वाहिन्या झाल्या १८९. आणि बघितल्या जाणाऱ्या? सतराच! साठ वाहिन्या नव्यानं घरात आल्या आणि कुणी ढुंकून बघितलं नाही.

तर मंडळी, तुमच्याकडे किती? अंदाज नकोत, मोजून सांगा. वहीआधी मला कुणी विचारलं असतं तर ‘तीसेक असतील’ असं मी छातीठोकपणे सांगितलं असतं.

खुसपट

धागा आवडला, पण मोजणीवर आक्षेप आहे.

एक, २१४मध्ये एकच वाहिनी साध्या आणि एचडी अशा दोन रूपांत असेल तर ती दोनदा मोजली का? दोन, वस्तू विकणाऱ्या वाहिन्या धरल्या का? त्या आपण घेत नाही, त्या आपल्याला घेतात.

तीन, आणि हा खरा मुद्दा. वहीत माणूस जे आठवतं ते लिहितो. प्रेक्षक मोजणाऱ्यांनीही अनेक वर्षं डायऱ्याच वाटल्या. लोक ठळक कार्यक्रम, मोठ्या वाहिन्या लिहायचे आणि छोट्या वाहिन्यांवरची किरकोळ भटकंती विसरून जायचे. नील्सननं अमेरिकेतल्या राष्ट्रीय मोजणीसाठी १९८७मध्ये पीपलमीटर आणलं. टीव्हीवर काय चालू आहे ते यंत्र टिपतं, आणि कोण बघतंय ते सांगायला घरातल्या प्रत्येकानं आपापलं बटण दाबायचं. म्हणजे तिथेही शेवटी माणसाचं बोट आलंच. तुमची वही तर सुतळीला बांधलेली.

अर्धविराम

@खुसपट, पेन्सिलही बांधलेली होती, त्याचं काही कौतुक?

एचडीची जोडगोळी दोनदा मोजली गेलीय, मान्य. तशा २९ जोड्या निघाल्या. तरी १८५ उरतातच. नोंदी सुटल्या असतील, पण किती सुटतील? दोन, तीन. १४चे ५० काही होत नाहीत.

मधली सुट्टी

आमच्याकडे ९. मोजायची गरजच नाही, कारण यादी रिमोटच्या पाठीवर चिकटवलेली आहे. सासऱ्यांनी डायरीतलं पान फाडून त्यावर मोठ्या अक्षरांत वाहिन्यांचे क्रमांक लिहिले आणि वरून पारदर्शक चिकटपट्टी लावली. बातम्या, दुसऱ्या बातम्या, भजन, जुने सिनेमे, सुनेची मालिका (हो, असंच लिहिलंय), आणि अशाच अजून चार. रिमोट उलटा करायचा, वाचायचं, सुलटा करायचा, दाबायचं. हा सोहळा दिवसातून वीसेक वेळा.

मागच्या वर्षी एका पहाटे कंपनीनं सगळे क्रमांक बदलले. बातम्यांच्या जागी कार्टून! त्यांना वाटलं टीव्ही बिघडला. मग वाटलं आपलं डोकं बिघडलं. दिवसभर गप्प होते. संध्याकाळी मी नवी यादी लिहून द्यायला बसले तर म्हणाले, “पेन्सिलनं लिही. पुन्हा बदलतील.”

दोनशे वाहिन्या देणाऱ्याला हे कळतच नाही की समोरच्या माणसाकडे नऊच आहेत आणि त्या नऊंवर त्याचा दिवस उभा आहे.

गुळगुळीत दगड

+१ मधली सुट्टी. आमच्या आजोबांना क्रमांक पाठ होते, नावं नव्हती. “१२२ला काय चाललंय?” असं विचारायचे.

पाचवा कोन

संशोधक याला ‘चॅनल रेपर्टवार’ म्हणतात. प्रत्येक प्रेक्षकाचा एक छोटा संच ठरून जातो. टीव्ही लावला की तो त्याच संचातून फेरी मारतो आणि बाकीच्या वाहिन्या असून नसल्यासारख्या. कॅरी हीटर यांनी १९८५मध्ये केबलच्या प्रेक्षकांवर हेच दाखवलं होतं, म्हणजे वाहिन्या आजच्यापेक्षा कितीतरी कमी असतानाच. वाढत्या संख्येला डोकं दाद देत नाही, कारण संध्याकाळ तेवढीच राहते.

पण बघतच नाही ते आपल्या गळ्यात मारतात कसं, हा प्रश्न मला जास्त रंजक वाटतो. ते असं.

समजा, दोनच वाहिन्या: खेळ आणि सिनेमा. मला खेळाची वाहिनी १० मोलाची वाटते, सिनेमाची ३. अर्धविराम यांचं बरोबर उलटं. विकणाऱ्यानं सुट्या वाहिनीचा भाव १० ठेवला तर आपण दोघं एकेक घेणार, गल्ल्यात २०. भाव ३ ठेवला तर दोघंही दोन्ही घेणार, पण गल्ल्यात फक्त १२. आता दोन्हींची जुडी करून १३ला विकली तर? माझं १० अधिक ३, त्यांचं ३ अधिक १०. दोघंही घेतो. गल्ल्यात २६. आपल्या पैकी कुणाला काय आवडतं हे विकणाऱ्याला ठाऊक असण्याचीही गरज नाही. जुडी बांधली की काम झालं.

अर्थतज्ज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी १९६३मध्ये हे मांडलं. निमित्त होतं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९६२च्या लोएव्ज खटल्याचं. सिनेमांचे वितरक टीव्ही केंद्रांना हवा तो एकेक सिनेमा सुटा देत नव्हते, सोबत नको असलेले गठ्ठ्यानं घ्यायला लावत होते. न्यायालयानं ती पद्धत बेकायदा ठरवली. गंमत बघा: तेव्हा गठ्ठ्याबद्दल रडणारी टीव्ही केंद्रं होती. पुढे गठ्ठे प्रेक्षकांच्या घरात आले.

नीलमोहर

गणित समजलं, चीड गेली नाही. तुमच्या उदाहरणात मला सिनेमा निदान ३ मोलाचा तरी वाटतो. आमच्या घरात खेळ शून्य मोलाचा आहे. शून्य! आम्हा दोघांनाही चेंडू कुठल्या रंगाचा असतो ते माहीत नाही. तरी खेळाच्या अकरा वाहिन्या येतात. अमेरिकेतही पॅकेजमधली सगळ्यात महाग वाहिनी कित्येक वर्षं खेळांचीच, ईएसपीएन होती आणि ती न बघणाऱ्यांच्या बिलातूनही तिचा वाटा जायचा. हक्कांचा लिलाव तिकडे होतो आणि भरपाई आमच्यासारख्यांकडून.

खेळ काढायला म्हणून ग्राहकसेवेला फोन केला. पलीकडचा मुलगा फार गोड बोलला. “मॅडम, काढता येतील, पण मग पॅकेज मोडेल आणि तुमचं बिल वाढेल.” मी तीन वेळा विचारलं, वाढेल? हो, वाढेल. म्हणजे खेळ न बघण्याची वेगळी फी!

खुसपट

नीलमोहर, तो मुलगा खरंच बोलला. जुडीवर एवढी सूट असते की त्यातल्या तीन वाहिन्या सुट्या घेतल्या तरी जुडीच्या वर जातं.

जुना जोडणीवाला

वाचनमात्र होतो, पण धागा आमच्या धंद्याचा निघाला म्हणून लिहितो. केबलच्या नियंत्रण कक्षात बरीच वर्षं काढली. आमच्या भाषेत हेडएन्ड.

वाहिन्या एवढ्या का वाढल्या याचं साधं उत्तर: एक वाहिनी वाढवायला जवळपास काही लागेनासं झालं. ॲनालॉगच्या काळात तारेत एका वाहिनीला ६ ते ८ मेगाहर्ट्झची पट्टी जायची. जागा संपली की संपली, नवी घ्यायची तर जुनी काढा. डिजिटल आकुंचन आलं आणि त्याच एका पट्टीत दहाएक साध्या वाहिन्या बसायला लागल्या. नको म्हणायला कारणच उरलं नाही.

उलट येणारी वाहिनीच पैसे द्यायची. प्रेक्षकाला हे माहीत नसतं. त्याला वाटतं सगळा पैसा आपल्या खिशातून वर जातो. बड्या वाहिन्यांना वितरक पैसे देतो हे खरं, पण छोट्या, नव्या वाहिन्या वितरकाला देतात. घरात नुसतं पोचायचे वेगळे, चांगल्या क्रमांकावर बसायचे वेगळे. दोन लोकप्रिय वाहिन्यांच्या मधली जागा म्हणजे चौकातला गाळा. बाण दाबत जाणारा तिथून जातोच, आणि दहातला एक क्षणभर थांबतो. डबा (सेट-टॉप बॉक्स) चालू केल्याबरोबर आपोआप जी वाहिनी लागते ना, त्या जागेला तर फारच मोल. तुम्ही सेल शोधताय, चष्मा शोधताय, तोवर ती चालू असते. अर्धविराम यांच्या मगरी अशाच कुठेतरी बसलेल्या असणार.

म्हणजे त्या उरलेल्या २०० वाहिन्या तुम्ही बघाव्यात म्हणून तिथे नाहीतच. ‘इतक्या लाख घरांत आम्ही पोचतो’ हे जाहिरातदाराला सांगता यावं म्हणून बऱ्याचशा आहेत. तुमचं घर त्या आकड्यातला एक.

आणि एक. ‘मी वाहिन्या कमी केल्या, तर कंपनीचं तेवढं वाचलं, मग बिल का कमी नाही?’ हे आम्हाला रोज ऐकायला मिळायचं. वाचत काही नाही. उपग्रहावरून सगळ्या वाहिन्या सगळ्यांच्या छतावर पडतच असतात, तुम्ही घ्या नाहीतर नका घेऊ. केबलमध्येही बहुधा तसंच, सगळं तुमच्या डब्यापर्यंत आलेलं असतं. फक्त कुलूप असतं. तुमच्या डब्यातल्या कार्डाला किल्ली पाठवायची की नाही, एवढाच प्रश्न. पडद्यावर ‘आपण या वाहिनीचे सदस्य नाही’ असं येतं तेव्हा ती वाहिनी पाटीच्या मागेच उभी असते.

मधली सुट्टी

शेवटचं वाक्य वाचून डब्याकडे बघितलं. आता रात्री भीती वाटणार.

गुळगुळीत दगड

जोडणीवाले, दंडवत. असे प्रतिसाद येतात म्हणून इथे पडीक असतो. वाचनखूण साठवली.

अवांतर: झेनिथ कंपनीनं १९५६मध्ये ‘स्पेस कमांड’ नावाचा बिनतारी रिमोट आणला, त्याला चारच बटणं होती. सेलसुद्धा लागत नसत. आत ॲल्युमिनियमच्या कांड्या होत्या, बटण दाबलं की हातोडी कांडीवर आपटायची आणि माणसाला ऐकू न येणाऱ्या स्वरावर टीव्ही वाहिनी बदलायचा. आता माझ्या रिमोटला ४७ बटणं आहेत आणि वापरतो मात्र चारच. वर्तुळ पूर्ण.

नीलमोहर

मग सरकारांनी सांगावं ना, सुटं विका म्हणून. भाजी घेतो तसं. नको ती पिशवीत टाकू नका.

पाचवा कोन

सांगून बघितलंय. कॅनडाच्या नियामकानं मार्च २०१६पासून स्वस्त मूलभूत पॅकेज सक्तीचं केलं आणि डिसेंबर २०१६पासून वाहिन्या सुट्याही द्यायला लावल्या. भारतात दूरसंचार नियामक ट्रायनं २०१९मध्ये प्रत्येक वाहिनीची किंमत जाहीर करायला लावली आणि निवड प्रेक्षकाच्या हातात दिली. त्याच वर्षी ट्रायला पुन्हा सल्लापत्र काढावं लागलं, कारण कंपन्यांनी गुच्छांवर, म्हणजे जुड्यांवर, भरमसाट सूट ठेवून सुट्या निवडीला काही अर्थच उरू दिला नव्हता. लोक गुच्छातच राहिले. अमेरिकेचा दूरसंचार आयोग तर स्वतःशीच भांडला: २००४च्या अहवालात म्हणाला की सुट्या विक्रीनं प्रेक्षकाचा फायदा नाही, आणि २००६च्या अहवालात म्हणाला की आधीच्या अहवालात चुका होत्या, फायदा होऊ शकतो.

सुटं केलं की सुट्याचा भावही बदलतो, हे आपण विसरतो. ग्रेगरी क्रॉफर्ड आणि अली युरुकोग्लू या अर्थतज्ज्ञांनी २०१२मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात हे मांडलं. त्यांच्या गणिती प्रतिमानात सगळं सुटं विकायला लावलं तर वितरक वाहिन्यांना जे देतो ते १०३ टक्क्यांनी वाढतं. दुपटीच्या वर! आणि प्रेक्षकाचा सरासरी फायदा उणे ५.४ ते अधिक ०.२ टक्के यांच्यामध्ये कुठेतरी. म्हणजे जवळपास शून्य किंवा तोटाच.

नीलमोहर

सरासरी. माझ्यासारख्या दोन वाहिन्या बघणाऱ्यांचं काय होतं?

पाचवा कोन

अगदी थोडं बघणाऱ्यांचा फायदा होऊ शकतो, हे तुमचं बरोबर. सरासरीत दहा-पंधरा बघणारी घरं येतात आणि ती मार खातात. तुम्हाला सुटं परवडेल, मधली सुट्टी यांच्या सासऱ्यांना नाही.

मधली सुट्टी

त्यांना यात ओढू नका, ते आत्ता सुनेची मालिका बघतायत.

खुसपट

अर्धविराम कुठे गायब? धागा पेटवून महिनाभर पसार होणं बरं नव्हे. वही भरली का?

अर्धविराम

आहे, आहे. सांगायचं होतं, पण नीट घडून गेल्यावर सांगावं म्हणून थांबलो.

धागा वाचून जोश आला आणि वहीतल्या नोंदींप्रमाणे मी पॅकेज खरंच मोडलं. १४ वाहिन्या निवडल्या, शिवाय ज्या फुकट येतात त्या. एकूण ९३. बिल किंचित कमी झालं, नीलमोहर, वाढलं नाही. पण त्यासाठी दोन रात्री याद्या जुळवत बसलो. मुलांनी तीन दिवस कुरकुर केली आणि विसरली. मला मगरींची आठवणसुद्धा आली नाही. विजय!

आठवड्यानं आई सकाळी म्हणाली, “झोप नाही लागत हल्ली.” वय झालंय म्हणून सोडून दिलं. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग म्हणाली, “रात्री घरात कुणी बोलत कसं नाही?”

मला काही कळेना. बायकोच्या लक्षात आलं. आमची निजानीज झाल्यावर बाहेरच्या खोलीतला टीव्ही आई चालूच ठेवायची. जुन्या गाण्यांची वाहिनी, आवाज अगदी बारीक. तिची खोली लागूनच, दार लोटलेलं. मधूनमधून तो निवेदक काहीतरी बोलतो, गाणं लागतं, ती झोपते. पहाटे उठली की बंद करते. आम्हाला वाटायचं ती झोपायच्या आधी करते. बाबा गेल्यापासून असं चाललंय, म्हणजे सहा वर्षं.

वहीत ती वाहिनी नव्हती. नियम मीच केलेला, दहा मिनिटं ‘बघेल’ त्यानं लिहायचं. आई म्हणाली, “मी कुठे बघत होते?”

रोजचे सहा-सात तास. घरातली सगळ्यात जास्त चालणारी वाहिनी तीच निघाली आणि ती मी पैसे वाचवायला काढून टाकलेली.

@खुसपट, तुमचा तिसरा मुद्दा. दोन-तीन नोंदी सुटल्या असतील असं म्हणालो होतो. सुटली एकच.

खुसपट

प्रकाटाआ. (काहीतरी खवचट लिहिलं होतं, ते काढलं.)

जुना जोडणीवाला

पीपलमीटर लावलं असतं तरी हे निसटलं असतं. वाहिनी चालू दिसली असती, पण बटण कुणी दाबलं असतं? निजलेला माणूस बटण दाबत नाही. आमच्याकडेही मध्यरात्रीनंतर वाहिनी बंद पडली तर सगळ्यात आधी फोन यायचे ते म्हाताऱ्या माणसांचे. तेव्हा वाटायचं, एवढ्या रात्री हे बघतात तरी काय?

नीलमोहर

वाहिनी परत घेतलीत ना?

अर्धविराम

त्याच दिवशी दुपारी. सुटी मागितली. ग्राहकसेवेच्या मुलीनं विचारलं, “सर, यापेक्षा गाण्यांच्या आठ वाहिन्यांचा गुच्छ स्वस्त पडेल, देऊ का?”

खुसपट

आणि?

अर्धविराम

घेतला. एकूण १०१ झाल्या. आवाज ४वर ठेवतो. ३वर तिला ऐकू येत नाही आणि ५वर मुलं उठतात.